चौदा हजारांची सुरी आणि आपली आदोळी



बंदी सुरू आहे. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. होड्या वर काढलेल्या, जाळी शेडमध्ये पसरलेली, आणि सगळ्यांच्या हातात मोबाईल. त्यामुळे गेल्या पंधरवड्यात आपल्या ग्रुपवर एका सुरीच्या फोटोवरून जेवढी चर्चा झाली तेवढी डिझेलच्या भावावरही झाली नसेल. त्या सुरीबद्दल लिहायचं मी कबूल केलं होतं. आज ते लिहितो.

ज्यांनी तो फोटो बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपल्या एका सभासद बाईंचा मुलगा तारवटी आहे, क्रूझ जहाजाच्या किचनमध्ये काम करतो. सुट्टीवर येताना त्याने आईसाठी जपानी सुरी आणली. आपल्या पैशात चौदा हजार पडले म्हणाला. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी, मूठ लाकडाची आठ कोनांची, आणि हातात घेतली तर पिसासारखी हलकी. आई गेली तीस वर्षं बाजारात मासळी विकते आणि कापून देते. तिला दोन दिवस सुरी फार आवडली. बांगड्याचं पोट नुसतं टेकवलं तरी उघडतंय म्हणाली. तिसऱ्या दिवशी मोठं इसवण आलं. तिने सवयीप्रमाणे सुरी डोक्याच्या मागे टेकवली आणि वरून तळव्याचा दणका दिला. हाडात सुरी अडली, तिने ती बाजूला पिळून काढली, आणि धारेचे तीन कपचे उडाले. तांदळाच्या दाण्याएवढे.

ग्रुपवर मग दोन तट पडले. एक तट म्हणाला, चौदा हजारांत जाळ्याचा गठ्ठा आला असता, बघा काय झालं. दुसरा तट म्हणाला, सुरीची चूक नाही, वापरणाऱ्याची चूक. आणि बाई स्वतः म्हणाली, "म्हाका म्हजी आदोळीच बरी."

हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच आठवड्यात मासळी कापून विकणाऱ्या पाच सभासद बहिणींचा अर्ज सोसायटीकडे आला. हॉटेलवाले आता अख्खी मासळी न घेता काटा काढलेले काप मागतात, त्यासाठी चांगल्या सुऱ्या घ्यायच्या आहेत, कर्ज मिळेल का, असा. कमिटीने मला म्हटलं, सेक्रेटरी, तुम्ही बघा महाग सुरी घेण्यात अर्थ आहे की नाही. मी बारावी शिकलेला माणूस, लोखंडाचा इंजिनियर नाही. पण मासळी कापणाऱ्या आईच्या बाजूला बसून वाढलोय, आणि गेले काही दिवस वाचून, विचारून, चार वेगवेगळ्या सुऱ्या हातात घेऊन बघितल्या. जे समजलं ते मांडतो.

पहिला प्रश्न, महाग सुरी तुटली का? पोलादाचा कडकपणा मोजायचं एक माप आहे, रॉकवेल म्हणतात. साध्या युरोपियन धाटणीच्या सुऱ्या ५५ ते ५८ या मापात असतात. जपानी सुऱ्या बहुतेक ६० च्या वर, काही ६२-६३. आकडा पाच-सहानेच वाढलेला दिसतो, पण फरक मोठा पडतो. कडक पोलादाला धार बारीक लावता येते आणि ती टिकते. पण कडक वस्तू वाकत नाही, तिचा कपचा उडतो. मऊ पोलादाची धार हाडावर आपटली तर दुमडते, आणि दुमडलेली धार गोल सळईवर चार वेळा ओढली की परत उभी राहते. म्हणजे जी सुरी जास्त धारदार तीच जास्त नाजूक. बाईंनी जी वापरली ती मांस आणि भाजी कापायची पातळ पात्याची सुरी होती. जपानी माणूससुद्धा तिने माशाचं डोकं तोडत नाही.

मग जपानी माणूस काय वापरतो? त्यांची मासळीची वेगळी सुरी आहे, देबा. पाठ चांगली जाड, वजन भरपूर, आणि धार एकाच बाजूने. डोकं तोडताना मुठीजवळचा जाड भाग वापरायचा आणि काटा सोडवताना टोकाकडचा. कच्च्या मासळीचे पातळ काप करायला पुन्हा तिसरी, लांब आणि अरुंद. एकाच बाजूने धार असल्यामुळे डावखुऱ्याला डावी सुरी वेगळी घ्यावी लागते आणि तिला पैसे जास्त. जपानमध्ये साकाई नावाचं गाव या सुऱ्यांसाठी नावाजलेलं. गंमत अशी की तिथला सुऱ्यांचा धंदा वाढला तो तंबाखूमुळे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिकडे तंबाखू नेली, ती बारीक चिरायला सुऱ्या लागू लागल्या, आणि साकाईचे लोहार त्यात तरबेज झाले. पोर्तुगीजांची जपानला जाणारी व्यापारी जहाजं गोव्याहून मकाव करत जायची. तेव्हा त्या सुरीचं नातं आपल्या मांडवीशी अगदीच नाही असं म्हणता येणार नाही. असो.

आता आपली आदोळी बघा. मालवणकडचे आडाळो म्हणतात, मुंबईचे कोळी मोरली म्हणतात. पातं जागेवर पक्कं, पायाने पाट दाबलेला, आणि दोन्ही हात मोकळे. मासा फिरतो, पातं फिरत नाही. तारली, बांगडे, वेर्ल्या, सुंगटं असली बारीक मासळी साफ करायची तर या हत्याराला जगातली कुठलीही सुरी हरवू शकत नाही, हे मी कुणालाही लिहून देतो. एका हातात सुरी धरली की मासा धरायला एकच हात उरतो, आणि बुळबुळीत मासा एका हातात राहत नाही. पातं साधं कार्बनचं पोलाद, लोहाराने ठोकलेलं. मोठे कोयते तर बहुतेक ट्रकच्या जुन्या कमानीच्या पाट्याचे असतात. ते पोलाद मुळातच धक्के खाण्यासाठी बनवलेलं, म्हणून मोरीच्या कण्यावर आपटलं तरी कपचा उडत नाही. गंज मात्र एका रात्रीत धरतो.

पण आदोळीवर चोणकाचे किंवा इसवणाचे काटा काढलेले लांब काप निघत नाहीत. तिथे पातळ, थोडी लवचिक, अरुंद पात्याची सुरीच लागते, जी काट्याला चिकटून सरकते. आणि इथेच पैशाचा प्रश्न येतो. समजा एक बहीण दिवसाला वीस किलो मासळीचे काप काढते. बोथट किंवा जाड सुरीने किलोमागे फक्त पंधरा ग्रॅम मांस काट्यावर जास्त राहिलं तरी दिवसाला तीनशे ग्रॅम झालं. काप आठशे रुपये किलोने जात असतील तर दोनशे चाळीस रुपये. हे रोज मांजराला जातात. शिवाय बोथट सुरीने काप फाटतात, कडा खडबडीत होतात, आणि हॉटेलवाला ते बघून भाव पाडतो. म्हणून "दोनशेची सुरी चालते की" म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. पण चौदा हजारांच्या सुरीने काट्यावरचं मांस सत्तर पटीने कमी राहतं असंही नाही.

पैसे नक्की कशाचे घेतात? थोडे पोलादाचे. त्याहून जास्त ते तापवून विझवण्याच्या कामाचे. तेच पोलाद नीट विझवलं नाही तर फुकट. मग धारेमागे पातं किती पातळ घासलंय त्याचे. कापताना सुरी अडकत नाही ती यामुळे, आणि हे काम हाताचं असेल तर वेळ खातं. यापुढे मात्र मूठ, डबा, नाव, आयात कर, दुकानदाराचा नफा. आणि ती लाटांची नक्षी. नक्षी म्हणजे बाहेरच्या मऊ पोलादाचे थर. कापायचं काम मधल्या एका थराचं असतं, नक्षीने एक बांगडाही जास्त कापला जात नाही. ऑनलाइन दीड-दोन हजारांत "दमास्कस" म्हणून जे मिळतं त्यावर तर नक्षी वरून छापलेली असते. चार दिवस घासली की जाते. तसली घेऊ नका.

पात्यावर कधी कधी एक्स ५० सीआर एमओ व्ही १५ असं काहीतरी कोरलेलं असतं. घाबरायचं कारण नाही, वाचायला सोपं आहे. ५० म्हणजे अर्धा टक्का कार्बन, १५ म्हणजे पंधरा टक्के क्रोमियम. जर्मन धाटणीच्या बहुतेक चांगल्या सुऱ्यांचं पोलाद हेच किंवा याच्या जवळपासचं. जपानी व्हीजी-१० मध्ये कार्बन साधारण एक टक्का, म्हणजे दुप्पट. कार्बनमुळे कडकपणा येतो, क्रोमियममुळे गंज अडतो. साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असेल तर पोलादाला स्टेनलेस म्हणतात. पण स्टेनलेस म्हणजे गंजतच नाही, हा मोठा गैरसमज आहे. मिठाने स्टेनलेसलाही बारीक बारीक भोकं पडतात. आपल्या बंदरावर सुरी बर्फाच्या खाऱ्या पाण्यात रात्रभर पडून असते आणि सकाळी आपण कंपनीला शिव्या देतो. काम झालं की गोड्या पाण्याने धुवा, कपड्याने कोरडी करा, मग ठेवा. एक मिनिटाचं काम आहे.

स्वित्झर्लंडमधली व्हिक्टोरिनॉक्स कंपनी सगळ्यांना खिशातल्या लाल चाकूमुळे माहीत आहे. १८८४ साली कार्ल एल्सनर नावाच्या माणसाने सुऱ्या बनवायचं दुकान काढलं, तिथून ती सुरू झाली. त्यांच्या काळ्या प्लास्टिक मुठीच्या सुऱ्या परदेशात मासळीच्या आणि मटणाच्या कारखान्यांत सर्रास वापरतात. पातं ठोकून बनवलेलं नसतं, पत्र्यातून कापून काढलेलं असतं. कडकपणा ५५-५६, दिसायला काहीच खास नाही. काटा काढायची लवचिक सुरी आपल्याकडे दीड ते तीन हजारांत मिळते. याच दर्जाच्या दुसऱ्या कंपन्यांच्याही आहेत, मी कुणाची जाहिरात करत नाही. सांगायचं एवढंच की दिवसाला आठ तास मासळी कापणारे पगारी कामगार चौदा हजारांची सुरी वापरत नाहीत. मऊ पोलाद, पटकन धार लागणारं, आणि ओल्या हातातून न निसटणारी मूठ, हे त्यांनी निवडलं.

मुठीबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण ही गोष्ट माझ्या घरातली आहे. मी दहावीत असताना आईच्या डाव्या हाताला सुरी लागली. सुरी बोथट होती म्हणून ती जोर लावत होती. मूठ गुळगुळीत लाकडाची, हाताला चिकटा, आणि सुरी निसटली. अंगठ्याच्या बुडाशी शीर कापली गेली. टाके पडले, दीड महिना बाजार बंद, आणि तो अंगठा नंतर कधी पूर्ण वाकला नाही. परीक्षेची फी त्या वर्षी मामाने भरली. धारदार सुरीला लोक घाबरतात, पण धारदार सुरी जिथे ठेवाल तिथेच कापते. बोथट सुरी जोर मागते, आणि जोर लावला की ती कुठे जाईल ते आपल्या हातात राहत नाही.

मासळीच्या हाताला झालेली जखम साधी समजू नका हेही इथेच सांगतो. माशाच्या अंगावर आणि खाऱ्या पाण्यात असे जंतू असतात जे जखमेतून आत जातात. एका प्रकारात बोट तांबडं-जांभळं होऊन सुजतं आणि ठणकतं. दुसऱ्या प्रकारचा जंतू फार वेगाने वाढतो, आणि लिव्हरचा आजार किंवा डायबेटीस असलेल्यांना तो जिवावर बेतू शकतो. जखम झाली की लगेच साबण आणि गोड्या पाण्याने धुवा. हळद दाबून पुन्हा मासळीत हात घालू नका. सूज किंवा लाली पसरताना दिसली, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि मासळीचं काम करते हे त्यांना सांगा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही आठवून ठेवा.

आता बोटमालकांसाठी. बोटीवर महाग सुरी नेऊ नका. बोटीवरची सुरी कधी ना कधी समुद्रात पडतेच. तिथे हवी ती दातेरी पात्याची, बोथट टोकाची, दोरीने बांधलेली स्वस्त सुरी. नायलॉनचा दोर दातेरी पात्याने झटकन तुटतो, सपाट धार त्यावरून घसरते. जाळं सोडताना खलाशाचा पाय दोरात अडकला तर हातात दोन-तीन सेकंद असतात. तेव्हा सुरी केबिनच्या खणात असून उपयोग नाही. तांडेलाच्या हाताशी एक आणि जाळं सुटतं तिथे एक, दोन्ही जागा ठरलेल्या असाव्यात. बंदी उठायच्या आत प्रत्येक मालकाने एवढं बघून घ्यावं ही विनंती.

माझ्या मते सुरीपेक्षा मोठा प्रश्न धारेचा आहे. आपल्यातले बहुतेक जण सायकलवरून चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडे सुरी देतात. ठिणग्या उडतात, छान वाटतं. पण कोरड्या चाकावर पातळ धार इतकी तापते की तिचं पाणी उतरतं. धारेजवळ निळसर रंग दिसला तर समजायचं की तिथलं पोलाद मऊ झालं. मग ती सुरी आठवडाभरही धार धरत नाही, आपण परत त्याच्याकडे जातो, आणि वर्षभरात पातं अर्धं होतं. त्या गरीब माणसाचा दोष नाही, कोयत्याला आणि विळ्याला त्याचं चाक ठीक आहे. चांगल्या सुरीला पाण्याचा दगडच पाहिजे.

दगडाला नंबर असतो. ४०० म्हणजे खरखरीत, कपचे काढायला. १००० म्हणजे रोजच्या धारेला. एका बाजूला ४०० आणि दुसऱ्या बाजूला १००० असा दुहेरी दगड हजार रुपयांच्या आसपास मिळतो आणि घरात वर्षानुवर्षं पुरतो. भिजत ठेवायचा दगड असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवा. ओल्या फडक्यावर ठेवला की सरकत नाही. सुरी दगडावर किती तिरकी धरायची यात सगळे चुकतात. काटा काढायच्या अरुंद सुरीसाठी पात्याच्या पाठीखाली पेन्सिल जाईल एवढी जागा ठेवा. रुंद पात्याच्या सुरीसाठी करंगळी जाईल एवढी. हा कोन मोडू न देता एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला नखाला अडेल अशी बारीक कड उठेपर्यंत. कड उठली नाही तर धार लागलीच नाही, कितीही वेळ घासलं तरी. मग बाजू बदला, आणि शेवटी दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने. पहिल्या दिवशी जमणार नाही. मला चौथ्या दिवशी जमलं, आणि तोपर्यंत घरच्या सुरीवर इतके ओरखडे पडले की बायकोने ती माझ्यापासून लपवून ठेवली.

ती चौदा हजारांची सुरी? बाईंच्या सुनेने आणि मी मिळून दोन संध्याकाळी ४०० च्या दगडावर कपचे घासून काढले. पातं दीड मिलिमीटर कमी झालं. आता ती सून त्याच सुरीने हॉटेलसाठी काप काढते आणि डोकं तोडायला सासूचा कोयता घेते. काम सुरेख होतं, नाही म्हणणार नाही. दोन आठवडे झाले, दगडाला पुन्हा लावायची वेळ आलेली नाही. माझी दीड हजारांची सुरी त्याच कामात तिसऱ्या-चौथ्या दिवशी दगड मागते. फरक आहे आणि तो खरा आहे. रोज तासन्‌तास फक्त कापच काढायचे असतील, सुरीला दुसरं कुणी हात लावणार नसेल, आणि दगडावर हात बसलेला असेल, तर ती सुरी वाया जाणार नाही. पण बाजारात एकच सुरी चार हातांत फिरते. शेजारीण मागते, पोरगा नारळ फोडायला घेतो.

म्हणून अर्जाबद्दल माझं मत असं. दहा-चौदा हजारांच्या सुरीसाठी सोसायटीने कर्ज देऊ नये. त्याऐवजी काटा काढायच्या स्टेनलेस सुऱ्या, खरखरीत प्लास्टिक मुठीच्या, दोन-अडीच हजारांपर्यंतच्या, सोसायटीने एकदम घ्याव्यात म्हणजे भाव पडेल. पैसे सहा हप्त्यांत, बिनव्याजी. प्रत्येकीकडे कोयता आणि आदोळी आहेच, ती राहू द्यावी. अध्यक्षांचं मत थोडं वेगळं आहे, ज्या बहिणीला जी सुरी हवी ती घेऊ द्यावी, कर्ज फेडणार तीच आहे, असं ते म्हणतात. त्यातही तथ्य आहे. ते सभेत बोलतील.

सभा येत्या रविवारी संध्याकाळी चार वाजता. अर्ज केलेल्या पाचही बहिणींनी यावं, आणि ज्यांना सुरी हवी पण अर्ज केला नाही त्यांनीही यावं. सोसायटीने दोन दुहेरी दगड आणलेत, ते शेडमध्ये वजनकाट्याशेजारी ठेवलेत. बंदी संपेपर्यंत दर बुधवारी पाच वाजल्यापासून मी आणि ती सून तिथे असू. घरची सुरी घेऊन या, कागदात गुंडाळून आणा. दगड घरी नेऊ नका.

आपला,
सेक्रेटरी